पुंगळीचा हिशोब

पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

मागच्या आठवड्यात बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. ओळखीचं एक पोरगं शेजारी येऊन बसलं. पोलीस भरतीची तयारी करतंय. दोन वर्षं झाली, रोज पहाटे पाचला उठून पळतंय. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणालं, "दादा, हे बघा बरं."

व्हिडिओ इंग्लंडमधला होता. हिरवं माळरान, आठ-दहा माणसं, बहुतेक साठी ओलांडलेली. प्रत्येकाजवळ लाकडी दस्त्याची जुनी रायफल. चटई टाकून पालथं झोपायचं, नेम धरायचा, एक गोळी मारायची. मग बोल्ट उचलून मागं ओढायचा. रिकामी पुंगळी टणकन बाहेर. बोल्ट पुढं, पुन्हा नेम. दहा गोळ्या झाल्या की सगळ्यांनी बोल्ट उघडे ठेवून रायफली खाली ठेवायच्या. एक जण फिरून प्रत्येक रायफल रिकामी आहे का ते बघणार, आणि त्यानं सांगितल्यावरच पुढं जाऊन आपापला कागद बघायचा. भोकं मोजायची, एकमेकांची थट्टा करायची, थर्मासमधला चहा प्यायचा. पहिल्या आलेल्याला काय मिळालं म्हणाल, तर टाळ्या.

रायफल मी लगेच ओळखली. थ्री नॉट थ्री. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं होती तीच.

पोरानं विचारलं, "आपल्याकडं असं खेळता येतंय का? हिचं लायसन निघतंय का?"

"नाही निघत," मी म्हणालो. "तुला-मला तर नाहीच."

"मग त्या पिस्तुलांचं कसं काय निघालं एवढ्या जणांना?"

चहा संपला, पण उत्तर काही देता आलं नाही. हे आज लिहितोय ते त्याच्यासाठी. तुम्हीही वाचा, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी त्या रायफलीबद्दल थोडं. एनफिल्ड हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासातून माहीत आहे. १८५७ ला ज्या काडतुसावरून भडका उडाला ते एनफिल्ड रायफलीचं. ती ठासणीची होती. त्याच नावाची पुढची पिढी म्हणजे १८९५ ची ली-एनफिल्ड. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि प्रत्येक गोळीनंतर हातानं ओढायचा बोल्ट. १९०७ ला तिचं जे मॉडेल आलं ते आपल्याकडं बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनायला लागलं. दोन्ही महायुद्धं तिनं बघितली. १९६२ ला चीनच्या सरहद्दीवर आपल्या जवानांच्या हातात तीच होती. त्यानंतर फौजेत एसएलआर आली आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडं, होमगार्डकडं उतरली. आपल्या पिढीनं ती बघितली ती तिथंच. बँकेच्या दारात, ट्रेझरीच्या गेटवर, निवडणुकीच्या बूथवर.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. त्या रात्रीनंतर तिची चेष्टा झाली, आणि पोलिसांना अशी हत्यारं देणाऱ्यांवर राग निघाला. तो राग योग्यच होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला जाहीर निरोप दिला. थोडक्यात, लढाईसाठी ती केव्हाच म्हातारी झाली. जगात ठिकठिकाणी ती आता उरलीय ती रविवारच्या सामन्यांपुरती.

आता कायदा. १८५७ नंतर इंग्रजांनी आपल्या लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ ला शस्त्र कायदा आणला. युरोपियन माणसाला त्यातून सूट, हिंदी माणसाला परवाना. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा आला. तो भेद गेला, पण एक तत्त्व राहिलं. फौजेच्या बंदुकीत बसणारी गोळी सामान्य माणसाच्या बंदुकीत बसता कामा नये. म्हणून .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, अगदी बोल्टच्या असल्या तरी, निषिद्ध बोअरमध्ये येतात. त्यावर तोडगा म्हणून ईशापूरच्याच कारखान्यानं .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल काढली. बोल्ट ली-एनफिल्डच्याच धाटणीचा, पण बोअर वेगळा. फौजेचं काडतूस तिच्यात चालत नाही. आपल्याकडं बागायतदारांच्या घरात भिंतीला टांगलेली जी "तीनशे पंधरा" असते ती हीच.

म्हणजे पावणेचार फूट लांब, चार किलो वजनाची, कुठंच लपवता न येणारी रायफल निषिद्ध. आणि शर्टाखाली बसणारं .३२ बोअरचं पिस्तूल परवान्यावर मिळतं. गैरसमज नको. सरकारी काडतूस चोरून बाहेर जाऊ नये हे कायद्याचं कारण मला पटतं. थ्री नॉट थ्री घरोघरी द्या असं मी म्हणत नाही. मी फक्त एवढं दाखवतोय की कुठली बंदूक कुणाकडं असावी याचा आपण विचार केला. ती बंदूक धरणारा माणूस कसा असावा याचा फारसा केला नाही.

त्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्यांकडं परत येतो. अशा सामन्यांचे नियम मी नंतर वाचून काढले. इंग्लंडमध्ये बिस्ले नावाच्या ठिकाणी १८९० पासून रायफलीच्या स्पर्धा होतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरीला दर उन्हाळ्यात मोठा मेळा भरतो. त्यात जुन्या लष्करी रायफलींचा वेगळा सामना असतो. जर्मन धाटणीची माउझर, रशियाची मोसिन-नागांट, स्वित्झर्लंडची के-३१, आपली ली-एनफिल्ड. अट मुख्य ही की रायफल फौजेनं दिली होती तशीच पाहिजे. दुर्बीण लावायची नाही, नळी बदलायची नाही, दस्ता कापायचा नाही. मागची खाच आणि नळीच्या टोकाची माशी, एवढ्यावरच नेम. पैसा ओतून जिंकता येत नाही. करोडपती असो की निवृत्त ड्रायव्हर, दोघांच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं तेच लाकूड आणि तेच लोखंड.

स्वित्झर्लंडमध्ये तर फेल्डशीसन नावाचा उत्सवच असतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगावच्या रेंजवर लाखाच्या वर माणसं येतात, बाया-पुरुष सगळे. फौजेच्या रायफलीनं ३०० मीटरवर नेम धरतात आणि नंतर एकत्र जेवतात. जत्राच म्हणा. त्या देशात बऱ्याच घरांत बंदूक आहे. पण गावाच्या रेंजवर वर्षातून एकदा तरी गावासमोर नेम धरायचा, हीसुद्धा तिथली जुनी रीत आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. तिथं प्रत्येक गोळी कुठं गेली ते कळतं. कागदावर भोक असतं, कागदावर तुमचा नंबर असतो. चुकलात तर चुकलेलं भोक सगळ्या गावाला दिसतं.

हे वाचताना माझे चुलते आठवले. पोलिसात शिपाई होते, शेवटी हवालदार होऊन रिटायर झाले. नोकरीतली बहुतेक वर्षं गार्ड ड्युटी आणि खांद्यावर थ्री नॉट थ्री. एकदा त्यांना विचारलं होतं, नाना, आयुष्यात किती गोळ्या मारल्या? ते म्हणाले, "वर्षाच्या सरावाला मिळायच्या तेवढ्याच. माणसावर एकबी नाही. देवाची कृपा."

मग त्यांनी एका सरावाची गोष्ट सांगितली होती. फायरिंग संपलं, पुंगळ्या मोजल्या, एक कमी भरली. किती काडतुसं दिली तेवढ्या पुंगळ्या परत कोतात जमा झाल्या पाहिजेत, असा नियम. नानांचीच पुंगळी होती. उडून गवतात पडलेली. उन्हाळ्याचे दिवस. सगळी तुकडी झाडाखाली बसली आणि नाना गुडघ्यावर रांगत वाळलं गवत हातानं चाळत राहिले. दिवस मावळायच्या वेळेला सापडली. "बोटाएवढं पितळ," नाना म्हणाले, "पण ते सापडल्याबिगर जेवण गोड लागलं नसतं. सरकारची गोळी व्हती. कुठं गेली म्हणून विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

सरावाच्या मैदानात मारलेल्या गोळीची रिकामी पुंगळी. तिचासुद्धा हिशोब.

आता आपल्या जिल्ह्याकडं या.

९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हाल हाल करून मारलं. तो खून बंदुकीनं झाला नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण त्या घटनेनंतर जिल्ह्यात कुणाच्या कमरेला काय आहे, हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला. बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं तेव्हा महाराष्ट्राला कळलं. हवेत गोळ्या झाडतानाचे, पिस्तूल हातात घेऊन मिरवतानाचे व्हिडिओ राज्यभर फिरले. प्रशासनानं गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने तपासले, बरेच रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये परळीत मरळवाडीच्या सरपंचांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा जीव गेला. गोळीच्या आवाजाची बीडला तेव्हा काही नवलाई राहिली नव्हती.

मी वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. "गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त" ही बातमी किती वेळा लिहिली याची मोजदाद नाही. ठाण्यातून प्रेसनोट येते, मी नाव आणि गाव बदलतो, बाकीचा मजकूर तोच. पण बिनपरवान्याच्या कट्ट्यापेक्षा मला परवान्याच्या पिस्तुलाची जास्त काळजी वाटते. कट्टेवाला निदान लपवतो. परवानेवाला दाखवतो. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाच्या केकजवळ, बुलेटवर बसलेल्या फोटोत. शस्त्राचं सार्वजनिक ठिकाणी प्रदर्शन करायचं नाही असं नियमात लिहिलंय. आनंदाच्या भरात गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातच घातलंय. तरीही रील येतच राहतात.

हवेत मारलेली गोळी वरच राहत नाही, राव. खाली येते. कुठं येते, कुणाच्या पत्र्यावर, कुणाच्या डोक्यावर, ते मारणाऱ्याला माहीत नसतं आणि त्याला त्याची फिकीरही नसते. त्या म्हाताऱ्यांच्या कागदावरचं भोक आणि आपल्याकडची हवेतली गोळी यांच्यात माझ्या दृष्टीनं फरक आहे तो हाच. एकाच्या गोळीला पत्ता आहे, दुसऱ्याच्या गोळीला नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या तालुक्यातल्या चार परवानाधारकांना सहज विचारलं. चौघंही चांगल्या घरातले, गुन्हा-बिन्हा काही नाही. प्रश्न साधा होता. शेवटचा नेम कधी धरला? दोघांनी सांगितलं, विकत घेतल्यापासून धरलाच नाही. एकानं सांगितलं, दसऱ्याला पूजा करतो. चौथा शेतकरी, त्याच्याकडं बारा बोअर आहे. तो म्हणाला, रानडुकरं आली तर बांधावर जाऊन आवाज काढतो. सरावाला कुठं जाता, या प्रश्नावर चौघंही हसले.

या चौघांतला शेतकरी मला त्यातल्या त्यात बरा वाटला. त्याला बंदूक कशासाठी पाहिजे ते त्याला माहीत आहे. बाकीच्यांना बंदूक पाहिजे होती ती असण्यासाठी. गाडीसारखी, ब्रेसलेटसारखी. तिचं खरं काम काय आणि आपल्याला ते जमतं का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यानं सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं अशी तरतूद आहे. परवानाधारक वाचकांनी मनाला विचारावं, आपण किती तास शिकलो? मोटारसायकलच्या लायसनला निदान आठ तरी काढायला लावतात.

कॉलेजला असताना मी एनसीसीत होतो. कॅम्पमध्ये .२२ ची रायफल, २५ यार्डांवर टार्गेट, आणि अख्ख्या वर्षात वाट्याला पाच गोळ्या. पाच! त्या पाच गोळ्यांसाठी आधी कितीतरी दिवस रिकाम्या रायफलीवर सराव. श्वास अर्धा सोडून धरायचा, चाप हिसडायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. आमचे उस्ताद फौजेतले सुभेदार होते. हिंदीत ओरडायचे, "शिस्त लो!" आम्ही मराठी पोरं सुरुवातीला सरळ उभी राहायचो. आम्हाला वाटायचं शिस्तीत राहा म्हणतायत. नंतर कळलं, फौजेच्या भाषेत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. शब्द फारसीतला, मूळ अर्थ नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच होतं. मग हळूहळू तो शब्द माणसाच्या वागण्याला लागला आणि नेमाचा अर्थ मागं पडला.

मला वाटतं आपल्या जिल्ह्यात त्या शब्दाचं दोन्हीकडून वाटोळं झालंय. बंदुका आहेत आणि शिस्त नाही, दोन्ही अर्थांनी.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकार साहेब, आधीच बंदुकांपायी जिल्हा बदनाम, त्यात तुम्ही नेमबाजीचं खूळ काढायलात! पोरांच्या हातात अजून बंदुका द्यायच्या का?

प्रश्न बरोबर आहे. मीही स्वतःला हाच विचारला. माझं उत्तर असं आहे की पोरांच्या डोक्यात बंदूक आधीच गेलेली आहे. रीलमधून गेली, सिनेमातून गेली, नेत्याच्या ताफ्यातून गेली. ती तिथं कुठल्या रूपात राहणार, एवढंच आपल्या हातात आहे. कमरेला लटकणारी, की चटईवर झोपून घाम गाळायला लावणारी? ज्या पोरानं महिनाभर नेम शिकलाय, ज्याला रेंजवर बोल्ट बंद ठेवला म्हणून उस्तादानं बाहेर काढलंय, त्या पोराला वरातीत हवेत गोळी मारणारा हिरो वाटणार नाही. अडाणी वाटेल. चांगल्या पैलवानाला बाजारात मारामारी करणाऱ्याची जशी कीव येते, तसंच.

आणि हे आपल्या मातीत होत नाही असंही नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत तिकीट कलेक्टर होता. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते नेमबाजीत. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. त्या खेळात एका वेळी एकच गोळी हातानं भरायची असते, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं एक सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठं. ५० मीटरवरून. तिथं रुबाब कामाला येत नाही, हृदयाचे ठोके सांभाळावे लागतात. आणि आपल्या पोरांत दम नाही असं कोण म्हणेल? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत गेला, तिथं त्याला ट्रॅक आणि शिकवणारा मिळाला, तेव्हा जगाला तो दिसला.

म्हणून माझ्या मागण्या. फार मोठ्या नाहीत.

पहिली. तालुक्याच्या ठिकाणी १० मीटरची एअर रायफल रेंज. त्याला मोठा हॉल, मागं भक्कम भिंत आणि जाणता माणूस, एवढंच लागतं. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. आपल्या कितीतरी गावांत समाजमंदिरं वर्षातले तीनशे दिवस कुलूपबंद असतात, त्यातल्या एखाद्याचा विचार करा. शिकवायला बाहेरून कुणाला आणायची गरज नाही. जिल्ह्यात माजी सैनिक भरपूर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं यादी काढावी. रिटायर झालेल्या सुभेदाराला एटीएमच्या दारात बसवण्यापेक्षा पोरांपुढं उभं करा.

दुसरी. ज्यांचे परवाने शाबूत राहिले, त्यांची वर्षातून एक दिवस पोलिसांच्या रेंजवर हजेरी. निवडणूक आली की या बंदुका ठाण्यात जमा करून घेताच ना? मग एक दिवस रेंजवरही बोलवा. पाच गोळ्या, कागदाचं लक्ष्य, पोलिसांची देखरेख. बंदूक साफ आहे का, माणसाला ती उघडता-मिटता येते का, तोंड कुठं धरतो, ते बघा. ज्याला आपल्याच पिस्तुलाचं मॅगझिन नीट काढता येत नाही, त्यानं ते का बाळगावं याचा त्यानं खुलासा द्यावा. आणि काडतुसांचा हिशोब मागा. किती घेतली, किती उरली, बाकीची कुठं गेली. नानांना एका पुंगळीसाठी गवत चाळावं लागलं. परवानेवाल्याला दोन ओळींचा जबाब जड जाऊ नये.

तिसरी मागणी थोडी हौसेची आहे. पोलिसांकडच्या जुन्या थ्री नॉट थ्री वितळवायच्या आधी पाच-दहा चांगल्या बाजूला काढा. त्या कोतातच राहू द्या, कुणाच्या घरी नको, कुणाच्या नावावर नको. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास, पोलीस, माजी सैनिक आणि एनसीसीची पोरं यांचा एक सामना पोलिसांच्या रेंजवर ठेवा. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा होतेच. पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी कशासाठी असतं ते गावाला लांबून बघू द्या. बक्षीस नारळ आणि फेटा. कटआउट नको, प्रमुख पाहुण्यांचं भाषण नको. जमलंच तर चहा.

एक धोकाही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये सांगणारच. रायफल क्लब म्हणून बोर्ड लावायचा आणि पुढाऱ्यांच्या पोरांनी "खेळाडू" म्हणून जास्तीची हत्यारं पदरात पाडून घ्यायची, हे होऊ शकतं. खेळाडूंना कायद्यात सवलती आहेत, आणि सवलत दिसली की आपल्याकडं रांग लागते. म्हणून अट एकच ठेवा. क्लबचं हत्यार क्लबच्या कुलपात. घरी जाताना खेळाडूच्या हातात फक्त त्याचा भोकं पडलेला कागद.

आपल्याकडं हवेतल्या ज्या फैरींना अर्थ आहे त्या मी अनेकदा बघितल्यात. जवानाचं पार्थिव गावात येतं, शाळेच्या मैदानात सगळा तालुका जमतो, तुकडी रायफली वर करते. तीन फैरी. त्या वेळी कुणी शिट्टी मारत नाही. बाया पदर तोंडाला लावतात. फैरी झाल्यावर एक हवालदार खाली वाकून मातीतल्या पुंगळ्या गोळा करत असतो. कॅमेरे तेव्हा दुसरीकडं वळलेले असतात, पण मी दरवेळी त्याच्याकडं बघतो. रडणाऱ्या गर्दीतसुद्धा तो माणूस मोजत असतो.

त्या पोराला काल पुन्हा भेटलो. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक झालं, फेसबुकवर टाकतोय. ते म्हणालं, "दादा, सोळाशे मीटर झालं, शंभर मीटर झालं, गोळाफेक झाली. भरती झालो तर नेम शिकवतील ना?"

म्हटलं, शिकवतील. आणि पुंगळ्या मोजून घेतील. तेवढं विसरू नको.

(सहमत नसाल तर जरूर लिहा, वाद घाला. पण कुठल्याही नेत्याचा, जातीचा जयजयकार किंवा शिवीगाळ इथं नको. तशा कमेंट काढून टाकीन. परवानाधारक मित्रांनी मात्र एवढं प्रामाणिकपणे सांगावं, शेवटचा नेम कधी धरला होता?)